सृष्टी, सत्य आणि श्रद्धा : यवतमाळच्या भूमीवरून

आपल्याभोवती दिसणारे जग खरे आहे काय, ते कोठून आले आणि ते जाणून घेण्याची माणसाच्या बुद्धीची पात्रता किती, हे प्रश्न केवळ तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत राहत नाहीत. शाळेत भूगोल शिकून रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारा विद्यार्थी ते विचारतो. कपाशीवर फवारणी करताना घरधनी गमावलेली स्त्रीही तेच विचारते; तिचे शब्द मात्र निराळे असतात. दोघांनाही सरळ उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

यवतमाळ जिल्हा कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा करण्यात आला. येथील कॅथलिक भाविक संख्येने थोडे आहेत. त्यांच्या शेजारी हिंदू, बौद्ध, मुस्लिम, गोंड, कोलाम आणि बंजारा कुटुंबे राहतात. प्रोटेस्टंट बांधवांमध्ये यवतमाळचे नाव भारतभर परिचित आहे, कारण युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ईश्वरविज्ञानाची संस्था १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित होईपर्यंत याच शहरात होती. तेव्हा जगाच्या स्वरूपाविषयीची चर्चा या भूमीला नवी नाही. प्रस्तुत लेखात या विषयावरील कॅथलिक शिकवण मांडली असून दाखले शक्यतो जवळचेच घेतले आहेत.

जमिनीखालचे थर

यवतमाळ शहर आणि जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा बाहेर आला, एकावर एक थर साचत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. या खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी कसदार माती म्हणजेच आपली कपाशीची जमीन. काही ठिकाणी हा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे जणू कोणी तासून उभे केले असावेत असे षटकोनी खांब बनले. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील शिबला परिसरात असे खांब आढळले आहेत.

वणी तालुक्याकडे गेल्यास मात्र भूमीचे रूप पालटते. तेथे बेसाल्टचे आवरण विरळ होते आणि खालचे जुने थर वर येतात. वणी परिसरातील कोळसा हा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा दबलेला अवशेष आहे. त्या कोळशाच्याही खाली गोटे आणि चिखल यांचे असे थर आहेत की जे हिमनद्यांनी आणून टाकले. पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीच्या पृष्ठभागावर बर्फाने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे एके काळी बर्फ होता! आणि ही चुनखडी तर कोळशाहून कितीतरी पुरातन असून तिचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. ती साचली तेव्हा येथे समुद्र होता.

ज्या घरातील माणूस खाणीत कामाला जातो, त्या घराला हे थर पुस्तकातून शिकण्याची गरज नसते. प्रश्न पुढे उभा राहतो. मुलगा विचारतो, शाळेत कोट्यवधी वर्षे सांगतात आणि उत्पत्तीच्या पुस्तकात सहा दिवस, खरे कोणते? घरातील मोठी माणसे पुष्कळदा उत्तर देतात, ‘परीक्षेत शाळेचे लिही, चर्चमध्ये चर्चचे मान.’ हे उत्तर सोयीचे असले तरी कॅथलिक नाही. सत्याचे दोन कप्पे ख्रिस्तसभेने कधीही मान्य केलेले नाहीत. पहिल्या व्हॅटिकन महासभेने १८७० मध्ये स्पष्ट केले की श्रद्धा आणि विवेक यांच्यात खरा विरोध असू शकत नाही, कारण जो परमेश्वर आपले रहस्य प्रकट करतो, त्यानेच मानवी बुद्धीला प्रकाश दिला आहे. विरोध भासल्यास एकतर शास्त्रवचनाचा अर्थ चुकीचा लावला गेला आहे, किंवा विज्ञानाच्या नावाने कोणी विज्ञानाच्या पलीकडचे विधान केले आहे.

दगड वाचणारे धर्मसेवक

खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तो १६६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे नील्स स्टेन्सन, म्हणजेच निकोलस स्टेनो, हे डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १६३८ मध्ये लुथरन कुटुंबात झाला. फ्लॉरेन्स येथे असताना १६६७ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, १६७५ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि १६७७ मध्ये बिशप. डोंगरात सापडणारे शार्कचे दात हे निसर्गाचे खेळ नसून खऱ्या प्राण्यांचे अवशेष आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. भूशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक जण वेदीवर सन्मानिला जातो, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती.

आपल्या विदर्भातील उदाहरण याहूनही जवळचे आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ते कॅथलिक नव्हते, तरी या विषयात त्यांना वगळून चालणार नाही. धर्मप्रसार आणि शाळा चालवणे हे त्यांचे मुख्य कार्य. पण गावोगाव फिरताना ते दगड उचलून पाहत, त्यांची नोंद करीत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांविषयीचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. याचा अर्थ असा की एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी त्या जागी तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि मेले. मधला काळ दीर्घ होता. मांगली येथे त्यांना मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने केले.

हिस्लॉप यांनी गोंडांमध्येही काम केले आणि लिंगोची दीर्घ गीतकथा उतरवून घेतली. जग कसे घडले याविषयी गोंडांचे म्हणणे त्यांनी तुच्छ मानले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळांचे उत्खनन पाहून घोड्यावरून परतताना पाण्याने भरलेल्या ओढ्यात बुडून त्यांचे निधन झाले. त्यांचे आदिवासींविषयीचे लेख रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. सकाळी बायबल शिकवणारा आणि दुपारी कोट्यवधी वर्षांचा शंख हातात धरणारा हा माणूस दोन जगांत राहत नव्हता. जग एकच होते, म्हणूनच ते दोन्ही बाजूंनी वाचणे त्याला योग्य वाटले.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे वाचन

पृथ्वी ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये निर्माण झाली हे गणित आर्चबिशप जेम्स अशर या अँग्लिकन विद्वानांनी १६५० मध्ये मांडले. पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागल्याने अनेकांना ते बायबलचाच भाग वाटले. कॅथलिक ख्रिस्तसभेने ते कधीही श्रद्धातत्त्व केले नाही. चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीवर मोठे भाष्य लिहिले. त्यात ते म्हणतात की सूर्य चौथ्या दिवशी येतो, तर पहिले तीन दिवस आपल्या दिवसांसारखे कसे असतील? ते याहून कठोर इशाराही देतात. पृथ्वी, आकाश, ग्रहगती यांविषयी एखादा ख्रिस्ती माणूस बायबलच्या आधारे काहीतरी चुकीचे बोलला आणि जाणकार अख्रिस्ती माणसाने ते ऐकले, तर मृतांच्या पुनरुत्थानाविषयीही तो आपला शब्द कसा मानील? पंधराशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आजही शिळा झालेला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ च्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की पवित्र लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला आहे हे पाहूनच त्याचा आशय ठरवावा. उत्पत्तीचा पहिला अध्याय ठरावीक पालुपदाने पुढे सरकणारी, आठवड्याच्या चौकटीत बसवलेली आणि विसाव्याच्या दिवसाकडे नेणारी रचना आहे. बाबेलच्या शेजारी लोक सूर्य-चंद्राची पूजा करीत असताना हा अध्याय त्यांना केवळ दिवे म्हणतो. जग हे देवांच्या भांडणातून उरलेला मलबा नाही. ते हेतुपूर्वक निर्माण केलेले असून चांगले आहे, हे त्याला सांगायचे आहे. वणीच्या कोळशाचे वय सांगणे हे त्याचे काम नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. त्यांचा प्रारंभही सृष्टीच्या निर्मितीपासून होतो. ओवीबद्ध पुराण कसे ऐकावे, त्यातील सत्य कोठे शोधावे, हे मराठी श्रोत्याला नव्याने शिकवावे लागत नाही.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. १६३३ मध्ये गॅलिलिओ यांना ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने दोषी ठरवले आणि त्या प्रकरणात ऑगस्टिन यांचा इशारा विसरला गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी तत्कालीन ईश्वरविज्ञान्यांची ही चूक जाहीरपणे मान्य केली. १९९६ मध्ये वैज्ञानिकांच्या पोपपीठीय अकादमीला पाठवलेल्या संदेशात त्यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत केवळ एक गृहीतक राहिलेला नाही, असेही नमूद केले. त्यापूर्वी पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उगमाविषयी असे संशोधन करण्यास मोकळीक दिली होती. आत्मा मात्र प्रत्येक माणसाला परमेश्वर स्वतः देतो, हे ख्रिस्तसभेने तेव्हाही आणि नंतरही ठामपणे सांगितले.

निर्मिती म्हणजे काय

‘परमेश्वराने जग शून्यातून निर्माण केले’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. चौथ्या लॅटरन महासभेने १२१५ मध्ये ते श्रद्धातत्त्व म्हणून मांडले. पण ऐकताना मनात चित्र येते ते कुंभाराचे: आधी काही नव्हते, मग कोणीतरी चाक फिरवले, मग मडके तयार झाले. बायबलही कुंभाराचा दाखला देते, तो परमेश्वराचा अधिकार दाखवण्यासाठी. निर्मितीचा अर्थ समजण्यास मात्र तो अपुरा पडतो. कुंभाराला माती लागते आणि मडके भाजून झाल्यावर कुंभार गावाला गेला तरी मडके राहते.

संत थॉमस अक्वायनस यांनी वेगळा दाखला दिला. सूर्यामुळे हवा उजळते. सूर्य गेला की तो उजेड हवेत साठून राहत नाही. अंगणातले ऊन हे अंगणाचे स्वतःचे नव्हे, तरी ते खोटेही नाही. त्यात ज्वारी वाळते. तसे जगाचे असणे आहे. ते खरे आहे, पण स्वतःच्या बळावर नाही. या अर्थाने निर्मिती ही कोट्यवधी वर्षांपूर्वी एकदा घडून संपलेली घटना नव्हे. ती या क्षणीही चालू असलेली परावलंबिता आहे. जगाला काळात आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते प्रकटीकरणाने कळते, असेही अक्वायनस यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. जग अनादी असते तरीही ते परमेश्वरावरच अवलंबून असते.

हा भेद विसरला की काय होते याचे आधुनिक उदाहरण आहे. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याचा प्रारंभ अत्यंत दाट अवस्थेतून झाला असावा, ही कल्पना बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ आणि १९३१ मध्ये मांडली. आज ती महास्फोटाचा सिद्धांत म्हणून ओळखली जाते आणि विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. पोप पायस बारावे यांनी १९५१ मधील एका भाषणात या सिद्धांताचा निर्मितीच्या श्रद्धेशी उत्साहाने संबंध जोडला. लमेत्र यांना ते रुचले नाही. त्यांच्या मते भौतिकशास्त्राचा सिद्धांत श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरणे दोघांनाही घातक आहे. गणित उद्या सुधारले जाऊ शकते, मग श्रद्धाही सुधारायची काय? स्वतःच्याच सिद्धांताला मिळणारा असा आधार नाकारणाऱ्या या धर्मगुरूचा विवेक, माझ्या मते, त्यांच्या समीकरणांइतकाच मोलाचा आहे. अलीकडे ‘विज्ञानाने बायबल सिद्ध केले’ असे संदेश भ्रमणध्वनीवर फिरतात. ते पुढे पाठवण्यापूर्वी लमेत्र यांचे स्मरण करावे.

जग मिथ्या आहे काय

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाला आणखी एका विचाराशी संवाद करावा लागतो. कीर्तनात, प्रवचनात आणि रोजच्या बोलण्यातही आपण ‘सगळी माया आहे’ असे ऐकतो. दुःखाच्या घरी सांत्वनासाठी जाणारे शेजारी हे बोलतात ते प्रेमानेच. यावर सखोल विचार करणारे मराठी ख्रिस्ती विद्वान म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे, नंतरचे फादर नेहेम्या गोरे. चित्पावन ब्राह्मण कुटुंबात १८२५ मध्ये जन्मलेले गोरे काशीत वाढले आणि त्यांनी शास्त्रांचे अध्ययन केले. ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्यासाठी त्यांनी बायबल हाती घेतले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते अँग्लिकन राहिले. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धाप्रवासातही त्यांचे मार्गदर्शन महत्त्वाचे ठरले. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ १८६० मध्ये निघाला आणि दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. वेदान्ती पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशी सत्तेची तीन रूपे मानतात: ब्रह्म पहिल्या अर्थाने सत्य, हे जग दुसऱ्या, आणि दोरीवर भासणारा साप तिसऱ्या. गोरे यांचा आक्षेप असा की असणे आणि नसणे यांच्यामध्ये तिसरे काही नाही. जगाची सत्ता खरी नसेल तर दुःख, पाप आणि मोक्ष यांचीही खरी नाही. मग कोणाचा उद्धार कशापासून करायचा? अभावातून भाव निर्माण होत नाही हे षड्दर्शनांना मान्य असलेले तत्त्व आणि शून्यातून निर्मितीची ख्रिस्ती श्रद्धा यांतील अंतरही त्यांनी नेमके दाखवले.

गोरे यांचा युक्तिवाद धारदार आहे. परंतु तो शेवटचा शब्द नव्हे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय १८९१ मध्ये कॅथलिक झाले. त्यांनी अक्वायनस यांच्या प्रकाशात वेदान्त पुन्हा वाचला. जगाला स्वतःचे असे अस्तित्व नाही, ते प्रत्येक क्षणी उसने आहे, हे सांगण्यासाठी ‘माया’ हा शब्द ख्रिस्ती विचारातही उपयोगी पडू शकेल, असे त्यांचे मत होते. १८९९ मध्ये जबलपूर येथे नर्मदेकाठी त्यांनी कॅथलिक संन्याशांचा मठ स्थापण्याचा प्रयत्न केला. त्याला नागपूरचे तत्कालीन बिशप पेल्व्हा यांचा पाठिंबा होता. मात्र वरिष्ठांच्या विरोधामुळे तो टिकला नाही. दोघांना एकत्र वाचल्यास लक्षात येते की कॅथलिक भूमिका मधली आहे. जग हे स्वप्न नव्हे, हे गोरे सांगतात. जग हे स्वयंभू नव्हे, हे उपाध्याय सांगतात. दुसरी चूक आपल्या काळात अधिक फैलावली आहे: जे मोजता येते तेवढेच खरे, असे न बोलता मानणारे पुष्कळ लोक चर्चमध्येही बसलेले असतात.

या मंडळींना पवित्र मिस्सामध्येच अडचण येते. वेदीवरील भाकर प्रयोगशाळेत नेली तर काय आढळेल, असे तरुण विचारतात. गव्हाची भाकर आढळेल. ख्रिस्तसभा वेगळे काही म्हणत नाही. रंग, चव, वजन, रासायनिक घटक जसेच्या तसे राहतात. ती वस्तू मुळात काय आहे, ते बदलते, अशी शिकवण ट्रेंटच्या महासभेने १५५१ मध्ये निश्चित केली. उपकरण गुणधर्म मोजते. वस्तूचे सत्त्व हा त्याच्या मोजणीचा विषय नाही. आईने दिलेल्या मंगळसूत्राचे सोने सराफ तोलतो, त्याचा दरही सांगतो आणि त्याचे बोलणे खोटे नसते. तरी ते मंगळसूत्र काय आहे हे त्याच्या तराजूला कळत नाही. हा दाखला अपुरा आहे, कारण ख्रिस्तशरीराची उपस्थिती आपल्या भावनेवर अवलंबून नाही. पण मोजमापापलीकडे वास्तव आहे एवढे त्यातून दिसते. शेवटी ज्याने थोमाला आपल्या जखमांना स्पर्श करण्यास बोलावले, त्याच्यावर आपला विश्वास आहे. मतांगिकारात पंतय पिलात या रोमी अधिकाऱ्याचे नाव येते तेही याच कारणाने: ही इतिहासात, एका खऱ्या जागी घडलेली घटना आहे.

कारणे आणि कपाशी

जग खरे आहे असे मानले की त्यातील कारणेही खरी मानावी लागतात. अक्वायनस शिकवतात की परमेश्वर सर्वांचे आदिकारण आहे आणि त्याने सृष्ट वस्तूंनाही खरोखर कारण होण्याचे सामर्थ्य दिले आहे. पाऊस ढगातून पडतो, ताप जंतूंमुळे येतो, विष शरीरात भिनते. या दुय्यम कारणांना डावलून प्रत्येक गोष्ट थेट देवावर ढकलणे ही भक्ती नव्हे.

यवतमाळात ही शिकवण पुस्तकी राहत नाही. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. औषध त्वचेतून आणि श्वासातून शरीरात गेले; हातमोजे व मुखवटा नव्हता. काही घरांत तेव्हाही ‘देवाची मर्जी’ हे शब्द उच्चारले गेले असतील. परंतु मुखवट्याचा अभाव ही देवाची मर्जी नव्हे. तो कोणाच्या तरी निष्काळजीपणाचा, गरिबीचा आणि अपुऱ्या माहितीचा परिणाम होता, आणि म्हणूनच तो टाळता येण्याजोगा होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात शेतीतील विषारी रसायने आणि गरिबांचे आरोग्य यांचा संबंध स्पष्ट शब्दांत मांडला आहे.

कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तर या जिल्ह्याचे नाव देशभर नेले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. मृत्यू त्यानंतरही थांबले नाहीत. अशा घरात दोन प्रकारची सांत्वने पोहोचतात. एक म्हणते, हे सारे मिथ्या आहे. दुसरे म्हणते, हे कोणत्यातरी पापाचे फळ आहे. प्रभू येशूने दुसऱ्याचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, हे लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येते. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभू दोन्ही नाकारतो. पहिल्या सांत्वनाला तर क्रूसच आडवा येतो. परमेश्वराच्या पुत्राने सोसलेले दुःख भास नव्हते. तो केवळ भासाने माणूस होता असे म्हणणारा पंथ आरंभीच्या शतकांतच उभा राहिला होता, आणि ख्रिस्तसभेने त्याला पाखंड ठरवले.

आत्महत्या गंभीर पाप आहे ही शिकवण बदललेली नाही. पण खऱ्या कारणांकडे पाहण्याची सवय या बाबतीतही ख्रिस्तसभेच्या वागण्यात उतरली. १९१७ च्या कॅनन कायद्यात विचारपूर्वक आत्महत्या केलेल्या माणसाला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचे कलम होते. १९८३ च्या कायद्यात नकाराच्या कारणांच्या यादीतून ते वगळण्यात आले. १९९२ च्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत म्हटले आहे की तीव्र मानसिक व्यथा, भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. ज्या कॅथलिक कुटुंबावर हा प्रसंग आला असेल, त्याने दफनविधीसाठी किंवा मृताच्या नावे मिस्सा अर्पण करण्यासाठी आपल्या धर्मगुरूंकडे जाण्यास संकोच करू नये. आणि वर्षे लोटली असली तरी अशी मिस्सा सांगता येते.